खालचा सा

(1995 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जेवणानंतरच्या सत्रात केलेलं भाषण)



मेळाव्याच्या संयोजकांनी मला फोन केला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, जेवणात श्रीखंड आहे, त्यावर एआय, म्हणजे अर्धा हॉल घोरायला लागेल. शिवाय एआयवर बोलणारे गल्लोगल्ली आहेत. मी ज्या विषयावर बोलणार आहे त्यावर बोलणारी आपल्या तुकडीत मी एकटीच असेन याची मला खात्री आहे. विषय असा: मोठ्या बँडसाठी लिहिलेलं संगीत खालच्या पट्टीतल्या पाच पितळी वाद्यांवर कसं बसवायचं.

हसलात ना? हसा. पण शेवटी हे सगळं आपल्या संगीताच्या बाईंपर्यंत येऊन पोचतं, तेवढा धीर धरा.

तुम्हाला माहीत आहे, इंजिनिअरिंग झाल्यावर पुण्यात काही वर्षं नोकरी केली आणि मग मी इंग्लंडमध्ये गेले. यॉर्कशरमधल्या एका छोट्या गावात राहते. त्या भागात पूर्वी लोकरीच्या गिरण्या होत्या, कोळशाच्या खाणी होत्या. आपल्याकडे गिरणगावात भजनी मंडळं आणि लेझीम पथकं असायची, तसे तिथे कामगारांचे ब्रास बँड असायचे. गिरण्या गेल्या, खाणी गेल्या, बँड मात्र राहिले. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला एकदा तालमीला नेलं, आणि वयाच्या 34 व्या वर्षी मी युफोनियम हातात घेतलं. युफोनियम म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये पोटाशी धरलेलं, तोंड वर असलेलं ते मधल्या आकाराचं वाद्य. सनई नाही, ट्रम्पेट नाही. ज्याच्याकडे नवरदेव कधीच बघत नाही ते.

तिथल्या पूर्ण ब्रास बँडमध्ये पंचवीसेक पितळी वाद्यं आणि जोडीला तालवाद्यं असतात. कोविडमध्ये तालमी बंद झाल्या. 2021 च्या उत्तरार्धात आम्ही पुन्हा जमलो, तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या पंचवीस आणि माणसं नऊ. काही दिवसांनी पाच. वरच्या पट्टीतली कॉर्नेटं वाजवणारी तरुण मुलं शिक्षणाला, नोकरीला पांगली होती. उरलो आम्ही मागच्या रांगेतले: दोन युफोनियम, एक ट्रॉम्बोन, आणि दोन ट्यूबा. ट्यूबाला तिथे बास म्हणतात. त्यातला सगळ्यांत मोठा बास वाजवणारे आजोबा तेव्हा 82 वर्षांचे होते. तरुणपणी ते लष्करी बँडमध्ये होते, नंतर उभा जन्म खाणीत गेला. छाती अधू झालेली.

आता पाच जणांनी वाजवायचं काय? खालच्या वाद्यांना सहसा चालच नसते. आम्ही "पुम्-पुम्" करणारी माणसं. तेव्हा आजोबा म्हणाले, मला होल्स्टचा सुइट एकदा वाजवायचाय. लष्करी बँडमध्ये असताना वाजवला होता, आणि त्यातले पहिले आठ बार माझे होते. बाकी सगळा बँड गप्प बसून मला ऐकत होता.

हा होल्स्ट कोण, ते थोडक्यात सांगते, कारण त्याचं आपल्याशी नातं आहे. गुस्ताव होल्स्ट हा इंग्रज संगीतकार, 1874 ते 1934. लंडनमध्ये मुलींच्या शाळेत संगीत शिकवायचा, 1905 पासून शेवटपर्यंत. म्हणजे बाई, तुमचाच व्यवसायबंधू. लहानपणी त्याला दमा होता. फुंकून फुंकून छाती सुधारेल म्हणून वडिलांनी त्याच्या हातात ट्रॉम्बोन दिला आणि पुढे काही वर्षं त्याने ट्रॉम्बोन वाजवूनच पोट भरलं. हा माणूस संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः भाषांतरं करून त्यांना चाली लावल्या. आपल्या सावित्रीच्या गोष्टीवर त्याने 1908 साली एक छोटा ऑपेरा लिहिला. त्यात एकल गायक तीन आणि वादक फक्त बारा. वटपौर्णिमेची गोष्ट यॉर्कशरमध्ये मला त्या ऑपेरामुळे पुन्हा भेटली.

त्याने 1909 मध्ये लष्करी बँडसाठी एक सुइट लिहिला. या बँडमध्ये पितळी वाद्यांबरोबर बासऱ्या, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ढोल, झांजा असं सगळं असतं. सुइटचा पहिला भाग म्हणजे 'शाकोन'. शाकोन काय असतं, हे इथे बसलेल्या कोणालाही कळेल. तबल्याच्या सोलोला हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात ना? तीच ओळ फिरून फिरून येते आणि तिच्यावर तबला नवं नवं वाजवत जातो. शाकोन तसाच. तीन मात्रांचे आठ बार, म्हणजे 24 मात्रांची एक ओळ. तिची सुरुवात आपल्या भाषेत सा-रे-ध अशी आहे. ही ओळ पाचेक मिनिटांत सोळा वेळा येते. पहिल्यांदा ती फक्त बास आणि युफोनियम वाजवतात. मग एकेक वाद्य येत जातं, क्लॅरिनेटांची पळापळ सुरू होते, मध्ये ओळ उलटी होते, म्हणजे जिथे चढत होती तिथे उतरते, सगळं शांत होतं, आणि शेवटी अख्खा बँड उसळतो.

म्हणजे खालच्या वाद्यांपासूनच सुरू होणारं संगीत. आम्हाला अगदी योग्य. होल्स्ट जाऊन सत्तर वर्षं उलटून गेली होती, त्यामुळे तिथल्या कायद्याने मूळ संगीत मोकळं होतं. दुसऱ्या कोणी केलेलं नवं संयोजन मात्र उचलायचं नाही, कारण त्यावर त्याचा हक्क असतो. मी म्हटलं, आपणच करू. मी इंजिनिअर आहे, किती अवघड असणार?

हे काम करणाऱ्याला आपल्याकडे संगीत संयोजक किंवा सरळ अरेंजर म्हणतात. शंकर-जयकिशनांच्या गाण्यांमागे तो वाद्यांचा डोलारा असायचा, तो सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याकडच्या माणसांनी कागदावर मांडलेला होता. चाल दुसऱ्याची. कोणत्या क्षणी कोण वाजवेल आणि कोण गप्प बसेल, हे अरेंजर ठरवतो.

मी काय केलं? होल्स्टचं सगळं संगीत म्यूझस्कोअर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरलं. मग पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहिला. नियम सोपे होते. जो स्वर आमच्या वाद्यांच्या वर जातो तो एक किंवा दोन सप्तकं खाली आणायचा. एका क्षणी पाचच स्वर ठेवायचे. मोकळा असेल त्याला स्वर वाटून द्यायचा. कोणी रिकामं बसता कामा नये. थोडक्यात, ऑफिसात आम्ही सर्व्हरवर काम वाटतो तसं. लॅपटॉपवर वाजवून पाहिलं, सुंदर वाटलं. रात्री दीड वाजता मी स्वतःवर खूश होऊन झोपले.

तालमीत पहिले आठ बार बरे गेले. तिसऱ्या आवर्तनापासून असं वाटायला लागलं, की चिखलातून ट्रक चाललाय. चाल कुठे आहे तेच कळेना. सातव्या आवर्तनाला आजोबा थांबले. वाद्य मांडीवर टेकवलं, बराच वेळ श्वास घेत राहिले. मग म्हणाले, "छान लिहिलंयस, लव्ह." तिकडे सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात, दुधवाल्यालासुद्धा. "छान लिहिलंयस, पण माझे दिवस संपले." आणि वाद्य पेटीत ठेवायला लागले.

मला अजून ते कुलपाचे दोन आवाज आठवतात. त्यांना वाटलं आपण कमी पडलो. मला मात्र ठाऊक होतं, की सात आवर्तनांत मी त्या माणसाला एका बारचीही उसंत दिली नव्हती. लॅपटॉपला श्वास लागत नाही, त्यामुळे त्याच्यावर ते मला ऐकूच आलं नव्हतं.

घरी आले आणि प्रोग्राम बाजूला ठेवला. पेन्सिल घेतली आणि चुका शोधल्या. तीन-चार मोठ्या चुका होत्या. त्या सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

पहिली चूक चिखलाची. आणि इथे मला बाई आठवल्या. संगीताच्या खोलीत बाई तानपुरा लावायच्या. पंचम, दोन जोड, आणि शेवटी खर्ज. एकदा मी विचारलं होतं, "बाई, यात ग का नाही लावायचा?" बाई म्हणाल्या, "लावायचा नसतो. खर्ज नीट लागला की तो आपोआप येतो. कान दे." आणि खरंच, खर्जाची तार छेडली की वर कुठेतरी गंधार गुणगुणायचा. स्वयंभू गंधार. पुढे इंजिनिअरिंगमध्ये कळलं, की प्रत्येक स्वरात त्याचे उपस्वर असतात आणि पाचवा उपस्वर म्हणजे हा गंधार. दोन खालचे स्वर सा आणि ग असे चिकटून वाजवले, तर दोघांचे उपस्वर एकमेकांवर आदळतात आणि कानाला खरखर लागते. वर तेच दोन स्वर गोड वाटतात. माझ्या प्रोग्रामने क्लॅरिनेटांचे गोड ग सरळ ट्यूबाच्या शेजारी आणून बसवले होते. तानपुऱ्यात जे कोणी करणार नाही, ते मी बँडमध्ये केलं होतं. मग नियम केला: तळाला फक्त सा आणि प, त्यांच्यात अंतर मोकळं, आणि ग वर पहिल्या युफोनियमकडे. चिखल बराचसा त्यानेच गेला.

दुसरी चूक हावरटपणाची. मला होल्स्टचं काहीच सोडवत नव्हतं. पण मूळ कागद नीट वाचला, तर तीसेक ओळींमध्ये एका क्षणी वेगळ्या गोष्टी तीन-चारच असतात. एक मुख्य ओळ, एक तिच्यावरची दुसरी चाल, मागचे धरलेले स्वर आणि ताल. बाकीची वाद्यं त्याच गोष्टी वर-खाली सप्तकांत दुप्पट करतात. होल्स्टने स्वतःच काही वाद्यांपुढे 'ऐच्छिक' असं लिहून ठेवलंय, कारण त्या काळी प्रत्येक बँडात वेगळी वाद्यं असायची. ही वाद्यं नसली तरी चालेल, असं खुद्द मालकच म्हणतोय, मग मी कशाला जीव काढू? एकेका बारपाशी थांबून विचारलं, यातलं काय काढलं तर दुखेल? जे काढून दुखलं नाही ते गेलं. शेवटी बऱ्याच ठिकाणी पाच जणांत तीनच ओळी उरल्या, आणि चाल ऐकू यायला लागली.

तिसरी चूक चढणीची. होल्स्ट दोन वाद्यांपासून पूर्ण बँडापर्यंत चढतो. माझ्याकडे दोनपासून पाचापर्यंतच जागा, आणि मी दुसऱ्याच आवर्तनाला पाचही जण कामाला लावले होते. मग पुढे चढायचं कुठे? आता आठव्या आवर्तनापर्यंत एका वेळी तीनच जण वाजवतात. ओळ उलटी होते तिथे ट्रॉम्बोनच्या तोंडात म्यूट घालायचा, म्हणजे आवाज लांबून आल्यासारखा होतो. युफोनियमची नळी हळूहळू रुंद होत जाते, म्हणून त्याचा आवाज मऊ. ट्रॉम्बोनची बऱ्याच लांबीपर्यंत एकसारखी, म्हणून धारदार. आमच्याकडे बासरी नाही, क्लॅरिनेट नाही. हा मऊ आणि धारदार यांच्यातला फरक, तेवढेच आमचे रंग. पाचही जण पूर्ण जोराने वाजवतात ते फक्त शेवटच्या तीन आवर्तनांत.

क्लॅरिनेटांची पळापळ ट्रॉम्बोनला झेपत नाही, कारण तो नळी सरकवून वाजवायचा. युफोनियमला व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे त्याला जमते, पण श्वास पुरत नाही. म्हणून ती दोन युफोनियममध्ये तोडली. एकीने अर्धा बार पळायचं आणि दुसरीच्या पहिल्या स्वरावर थांबायचं. तो एक स्वर दोघींचा. रिले शर्यतीत दोन पावलं दोघी बरोबर धावतात ना, तसं. ती एका स्वराची गाठ नसली, की ऐकणाऱ्याला लगेच खड्डा जाणवतो.

आणि चौथी चूक, श्वासाची. सगळ्यांत मोठी. मोठ्या बँडात एका ओळीवर चार-सहा माणसं असतात. एक श्वास घेतो तेव्हा बाकीचे धरून ठेवतात. आमच्यात एका ओळीला एकच माणूस, आणि मोठ्या बासला हवा सगळ्यांत जास्त लागते. ओठांचाही प्रश्न असतो. ते सतत थरथरत असतात, त्यांना रक्त परत यायला वेळ लागतो. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. उभ्या रांगेत पाच माणसं, आडव्या रांगेत सोळा आवर्तनं. वाजवायचं तिथे रंग भरला. आजोबांच्या ओळीत आधी सोळाही घरं भरलेली होती. आता सहा भरली आणि दहा कोरी ठेवली. पहिलं आवर्तन त्यांचंच. मी त्यांच्या वरच्या सप्तकात तीच ओळ अगदी हळू वाजवायची. त्यांचा श्वास टिकला तर मी असून नसल्यासारखी, तुटला तर ओळ तुटणार नाही.

हे कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी पहिलं पान पाहिलं, कोरे बार मोजले आणि म्हणाले, "म्हातारा म्हणून सवलत दिलीस का?" मी म्हटलं, "नाही. तुम्ही सोळाही वेळा वाजवलंत तर तुम्ही थांबलेलं कोणाला कळणार नाही. मधे थांबलात, तर परत याल तेव्हा सगळ्यांना कळेल." हे मी त्यांची समजूत काढायला बोलले नाही. कागदावर काम करताना मला ते खरंच दिसलं होतं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या मंगळवारी तालमीला आले.

डिसेंबरमध्ये गावातल्या जुन्या चॅपलमध्ये आम्ही ते वाजवलं. चाळीसेक माणसं असतील. पहिले आठ बार आजोबांनी वाजवले. सातव्या बारला त्यांचा श्वास गेला, मी धरलं, आठव्याला ते परत आले. अकराव्या आवर्तनाला मी बार मोजायला चुकले आणि अर्धा बार आधीच शिरले. त्याची नोंद माझ्या नावावर आहे. शेवटच्या तीन आवर्तनांत ते आले तेव्हा लाकडी बाकं थरथरली. ते ऐकणाऱ्याला कानाने कमी आणि पायाने जास्त कळलं असेल. संपल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी काय?"

आता बाईंकडे येते.

सहावीत असताना शाळेचं समूहगान स्पर्धेला जायचं होतं. तुमच्यातल्या कितीतरी जणी त्यात होत्या. माझा आवाज तेव्हाही जाड होता, वरचा सा लागायचाच नाही. तालमीत कोणीतरी म्हणालं, हिला काढा, हिच्यामुळे सगळ्यांचा आवाज खाली येतोय. मी दाराजवळ उभी होते, मला ऐकू आलं. बाई म्हणाल्या, "हिला काढायचं नाही. हिला जागा शोधायची." आणि मला तानपुऱ्यावर बसवलं, वर सांगितलं, "सगळ्या वर जातील तेव्हा तू खालचा सा धरून ठेव. तोंड मिटून." स्पर्धेत आपला दुसरा नंबर आला. मला त्या नंबरापेक्षा तो सा जास्त आठवतो.

तीस वर्षांनी एका परक्या गावात मी प्रोग्राम लिहून स्वर वाटत होते आणि माणसं विसरले होते. बाईंनी शिकवलेलं बरोबर उलटं केलं होतं. एका म्हाताऱ्या माणसाने वाद्य पेटीत ठेवलं तेव्हा ते आठवलं. बाई, उशीर झाला, पण आठवलं.

शाळेत परवा चक्कर मारली. संगीताच्या खोलीत आता कॉम्प्युटरची लॅब आहे. माझ्या पोटापाण्याला ते धरूनच आहे, त्यामुळे मी तक्रार कशी करणार? पण तानपुरा स्टोअररूममध्ये उभा आहे, दोन तारा तुटलेल्या, बाकी भोपळा शाबूत. मुख्याध्यापकांशी बोलले. तो दुरुस्त करून घ्यायचा आणि आठवड्यातून एक तास तो लावायला कोणीतरी यायचं, एवढीच माझी मागणी आहे. दुरुस्तीचा खर्च मी करते. गावात राहणाऱ्यांपैकी तो एक तास कोण देणार, ते चहाच्या वेळी मला येऊन सांगा. आवाज चांगला नसला तरी चालेल.

आपण तेव्हा 61 होतो. आज 38 आहोत. दोघं तर आता कधीच येणार नाहीत, सकाळी आपण त्यांचे फोटो पाहिले. संयोजकांनी आत्ता शाळेची प्रार्थना म्हणायची असं ठरवलंय. वरचा आवाज लावणाऱ्या दोघीतिघी आज आलेल्या नाहीत, म्हणून पट्टी थोडी खाली घेऊ. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांनी माझ्या शेजारी येऊन उभं राहा. आपण खालचा सा धरू, तोंड मिटून.

बाई, तुम्ही पट्टी द्या.